अर्धीच नाशपाती

मकरंद सांगलीहून चेन्नईला आला तो एक गोष्ट गणितानं दाखवायला, की रेडियमच्या अणूचं केंद्रक नाशपातीसारखं असतं. एका टोकाला गोबरं, दुसऱ्या टोकाला निमुळतं. प्रयोग करणारे तसंच म्हणत होते. पण याचा प्रोग्राम ऐकेल तर शपथ. तीन वर्षं झाली, २००३ उजाडलं, उत्तर एकच: रग्बीचा चेंडू. दोन्ही टोकं सारखी.

त्यानं आकडे बदलले, कॉम्प्युटर बदलला, चहाची टपरीसुद्धा बदलून पाहिली. चेंडू तो चेंडूच. शेजारच्या टेबलावरची कामाक्षी रोज सकाळी विचारायची, आज तरी झाडाला काही लागलं का. शेवटी थकून त्यानं ठरवलं, सोमवारच्या सेमिनारमध्ये 'नाशपाती नाहीच' असं सांगून मोकळं व्हायचं. पीएचडी आता त्यावरच उभी राहणार होती.

मूळ प्रोग्राम त्याच्या गाइडचा, माधवरावांचा. माणूस तंजावरच्या जुन्या मराठी घरातला, राहायला मैलापूरला. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, या एका फाइलला हात लावू नकोस, पंधरा वर्षं बिनतक्रार चालतेय. मकरंद पडला गुणी बाळ. त्यानं ती उघडलीसुद्धा नव्हती.

शुक्रवारी दुपारी वैतागून उघडली. बघतो तर काय, सर अर्धंच केंद्रक मोजत होते. दुसरं अर्धं म्हणजे पहिल्याचीच आरशातली नक्कल. जुन्या मशीनवर वेळ वाचावा म्हणून केलेली चलाखी. मग नाशपाती येणार कुठून?

तो प्रिंटआउट घेऊन सरांच्या खोलीत गेला. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तीन वर्षांत एकदाही उघडलं नाहीस?"

"तुम्ही नको म्हणालात, सर."

"मी नको म्हटलं म्हणून? अय्यो. माझ्या बायकोनं माझं एवढं कधी ऐकलं नाही रे."

मकरंदला हसू येईना. सगळं पुन्हा मोजायचं, अख्खं, आणि तेही एक नाही, चाळीस केंद्रकं. नुसत्या पहिल्यालाच मशीन अकरा दिवस मागत होतं.

सर उठले. नोटीस बोर्डावर सोमवारच्या सेमिनारचा कागद होता, त्यावरचं मकरंदचं नाव खोडून त्यांनी स्वतःचं लिहिलं. विषयही बदलला: 'मी अठरा वर्षं अर्धंच केंद्रक का पाहिलं'.

कामाक्षीनं नोटीस दोनदा वाचली आणि ती जागेवर गेली. मकरंदनं दातओठ खात आरसा काढून टाकला आणि कुकर लावावा तसं पहिलं केंद्रक लावलं.