दोन टन जास्त

इंधनवाल्या काकांनी जन्मभर विमानांच्या टाक्या भरल्या, पण आजच्या विमानात त्यांची लेक बसली होती. बरणीत इंधनाचा नमुना घेऊन त्यांनी उन्हात धरला. पाण्याचा थेंबही नव्हता. आत नुसतं आभाळ तरंगत होतं.

"कॅप्टनबाई, दोन टन जास्त भरू का? आत माझी लेक आहे हो."

"काका, लेकीला डबा बांधून देताय का?" ती हसली. "जास्तीचं ओझं वाहायलाही इंधन जळतं. अडीअडचणीचं धरूनच मी आकडा दिलाय."

काकांना लेकीचंच बोलणं आठवलं, "बाबा, एक किलो इंधन जळलं की हवेतला प्राणवायू धरून तीन किलोंवर कार्बन डायऑक्साइड होतो. तो माझ्या नातवंडांच्याही डोक्यावर राहील."

जीव तुटत होता. तरी मीटरवर तिने दिलेला आकडा येताच काकांनी नळी सोडवली आणि निजल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा विमानाच्या पोटावरून हात फिरवला.

विमान पांढऱ्या उजेडात विरघळत गेलं. काकांनी हात जोडले. देवाच्या आभाळात आज आपण थोडीशी जागा मोकळी ठेवली, आणि लेक त्यातूनच निघाली आहे, असं त्यांना वाटलं.