वरच्या फळीवरचा चाकू

मी किनुएबाईंचा चाकू बोलतोय. त्यांना जाऊन तीन महिने झाले. मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. पण त्या स्वयंपाकघरात शेवटपर्यंत मीच होतो, म्हणून बोलतो.

माझा जन्म जपानमधल्या ताकेफू गावच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. दोन्ही बाजूंना मऊ लोखंड आणि मधे कडक पोलाद. किनुएबाईंचा नवरा शिगेओ तिथं कामाला होता. मालकाला विचारून, जेवणाच्या सुट्टीत, चार दिवस खपून त्यानं मला घडवलं. मासळी, मटण, भाजी, तिन्हींना चालतो तो सांतोकू. घरी नेऊन बायकोच्या हातात दिला आणि म्हणाला, "वापरलास की लगेच पूस. ओला ठेवलास तर गंजेल."

किनुएबाईंनी लगेच खिळ्याला एक फडकं टांगलं. बेचाळीस वर्षं ते फडकं त्याच खिळ्याला होतं. दारात कुणी आलं, भात उतू गेला, मुलगी रडत आली, तरी त्या आधी मला पुसायच्या आणि मग वळायच्या.

शिगेओ गेला तेव्हा मला त्याच्या छातीवर ठेवलं होतं. आमच्याकडे तशी रीत आहे. वाईट काही जवळ येऊ नये म्हणून गेलेल्या माणसाच्या पांघरुणावर पातं ठेवतात, टोक पायाकडे करून. त्यानंतर मला धार लावणारं घरात कुणी उरलं नाही. मग शेजारच्या तोमीबाई महिन्यातून एकदा मला आपल्या घरी न्यायच्या आणि दगडावर घासून संध्याकाळी परत आणायच्या. शिवाय रोज सकाळी परसातला मुळा घेऊन त्या यायच्याच. मुळा हे निमित्त असायचं. म्हणायच्या, "जिवंत आहेस का गं? मग चहा टाक."

पहिला गंज माझ्या मुठीजवळ आला. तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका. किनुएबाईंनी मला धुतलं होतं आणि पुसायचं विसरल्या होत्या. मला वाटलं, एखाद्या दिवशी होतं असं. पण पुढच्या आठवड्यात मी रात्रभर ओलाच पडून राहिलो. नंतर एकदा तर त्यांनी मला तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि दिवसभर शोधत बसल्या. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड नव्हतं.

नोव्हेंबरात त्यांची मुलगी रित्सुको ओसाकाहून आली. तिनं आधी आईच्या बोटांवरच्या पट्ट्या पाहिल्या आणि मग मला पाहिलं. माझ्यावरच्या गंजावरून तिनं अंगठा फिरवला. आईला एकटं ठेवायचं की नाही, हे तिला ठरवायचं होतं. आई घर सोडायला तयार नव्हती. निदान धारदार काही हाताशी नको, एवढं तिनं ठरवलं. आई दुपारी झोपली होती तेव्हा तिनं मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर, रिकाम्या बरणीमागे सरकवलं. माझ्या जागी प्लास्टिकचा एक पांढरा चाकू ठेवला.

आईनं तो उचलून पाहिला. "हा कुठल्या बाहुलीचा? माझा कुठंय?"

"असेल इथंच कुठंतरी, आई," रित्सुको म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी निघून गेली.

किनुएबाई शोधत राहिल्या. रोज तेच खण, तेच डबे. मग एका सकाळी तोमीबाई मुळा घेऊन आल्या, तेव्हा त्यांना दारातच अडवून म्हणाल्या, "तोमी, धार लावायला नेलास तो परत दे."

तोमीबाई हसल्या. "अगं, मी कुठं नेलाय? नीट बघ, भाताच्या भांड्यात घातला असशील."

"माझा नवरा गेल्यापासून तुझा डोळा होता त्याच्यावर. चोरटी कुठली."

तोमीबाईंनी मुळा ओट्यावर ठेवला आणि त्या गेल्या. संध्याकाळी त्यांनी रित्सुकोला फोन करून माझ्याबद्दल विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा खरं सांगितलं, तर ते आईपर्यंत जाईल आणि आई मला पुन्हा मागेल, अशी भीती रित्सुकोला वाटली. तिनं एवढंच म्हटलं की आई हल्ली काहीही बोलते, मनावर घेऊ नका. पण तोमीबाईंनी मनावर घेतलं. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

त्या भांडणानंतर दहाव्या दिवशी बर्फ पडत होतं. किनुएबाईंनी स्टूल ओढलं. खालचं सगळं शोधून झालं होतं, आता वरचं. त्यांचा हात बरणीपर्यंत आला. बरणी हलली, त्यांची बोटं वर्तमानपत्राला लागली. तेवढ्यात स्टूल सरकलं.

त्या पडल्या त्या उठल्या नाहीत. आधी त्यांनी शिगेओला हाक मारली, मग रित्सुकोला. त्यानंतर फक्त तोमीला. शेजारच्या घरी ती हाक गेली असेल की नाही, मला माहीत नाही. हाक हळू हळू बारीक होत गेली. तिसऱ्या दिवशी रॉकेल देणारा आला, तेव्हा ती थांबलेली होती.

रित्सुकोनं त्यांना बाहेरच्या खोलीत निजवलं. अंत्यविधीवाल्यानं छातीवर ठेवायला लाकडाचं खोटं पातं आणलं होतं. ती म्हणाली, ते नको. उलटं पडलेलं स्टूल तिनं सरळ केलं, वर चढली आणि मला काढलं. वर्तमानपत्र सोडून पांघरुणावर ठेवलं. तेवढ्यात तोमीबाई दारात आल्या.

त्यांनी मला पाहिलं. माझ्या बाजूला पडलेलं वर्तमानपत्र पाहिलं.

"काकू, मीच ठेवला होता," रित्सुको म्हणाली. "तिला लागू नये म्हणून."

तोमीबाई म्हणाल्या, "मी दोनदा दारापर्यंत आले होते. परत गेले." त्या खाली बसल्या, मला उचललं आणि आपल्या एप्रनच्या टोकानं पुसलं. दोन्ही बाजूंनी, किनुएबाई पुसायच्या तसं. "टोक तिच्या तोंडाकडे ठेवलंस तू. पायाकडे हवं." आणि त्यांनी मला फिरवून ठेवलं.

लोखंड माणसाबरोबर जळत नाही, म्हणून मी मागे राहिलो. रित्सुकोनं मला तोमीबाईंना देऊ केलं. त्या म्हणाल्या, "ज्याच्यासाठी चोर ठरले, तो घरात कसा ठेवू?"

आता मी ओसाकात, एका खणात आहे. रित्सुको मला वापरत नाही आणि टाकूनही देत नाही. गंज मुठीपासून निम्म्या पात्यापर्यंत आलाय.

माझं एवढंच मागणं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या हातून काही काढून घ्यावं लागलं, तर घ्या. पण घेतलं, हे त्यांना सांगा. ते विसरले तर पुन्हा सांगा. आणि त्यांना नाही सांगता आलं, तर निदान शेजाऱ्यांना सांगा.