सुपाच्या अंगावरची निळी अक्षरं

खर्रर्र!

रविवारची दुपार, सगळं घर गप्प, आणि कुणीतरी मला खुंटीवरून ओढलं. माझी कड भिंतीला घासली. बघतो तर गौतमी. सहा वर्षांची. तिला माझ्यात चिंचोके पाखडून खेळायचं होतं. पण ती खेळली नाही. माझ्या अंगावरून बोट फिरवत बसली. असं का, ते सांगायचं तर मला माझी सगळी हकीकत सांगावी लागेल.

मित्रांनो, मी जनवाड्यातल्या या घराचं जुनं सूप. मला विणलं बीदरच्या नागम्माने. बांबूच्या कामट्या काढताना तिची बोटं फाटायची, तरी कड अशी बांधली की आजही हललेली नाही. गौतमीच्या आजीने, चांगुणाबाईंनी, मला भर बाजारात तीनदा झटकून पाहिलं, मगच घरी आणलं. गौतमी जन्मली तेव्हा पाळण्याआधी ती माझ्यात निजली. तेवढं सुख मला पुष्कळ होतं.

चांगुणाबाईंची सून विमल. लग्नाआधी गुलबर्ग्याला बी.कॉम. झालेली. गौतमी पोटात असताना तिने टपालाने पुढचं शिक्षण सुरू केलं. आंतरराष्ट्रीय व्यापार आणि व्यवसायाची धोरणं, या विषयातली पदव्युत्तर पदवी.

“येवढं लांब नाव? म्हणंपर्यंत भाकरी करपंल की गं,” चांगुणाबाई म्हणाल्या. पण पोस्टमन आला की पाकीट आधी त्याच घ्यायच्या, पदराने पुसायच्या, कपाळाला लावायच्या आणि मग सुनेला द्यायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

विमलला वेळ कुठला? तान्ही पोर झोपली की ती डाळ निवडायला बसायची. धडा माझ्यात पसरायचा, त्यावर डाळ. दाणे सरकवत एकेक ओळ वाचायची. अशी दूरदूरची बंदरं, जकाती, चलनं माझ्याही अंगावरून गेली. शेवटच्या वर्षी मोठा प्रबंध लिहायचा होता. तिने विषय घेतला आपल्या तुरीचा. इथली डाळ परदेशाच्या बाजारात उभी करायची तर कशी करायची?

“आत्याबाई, दुकानात दोन डाळी हायत. तुम्ही कोणती उचलाल?”

“जी लौकर शिजंल ती. रंग काय चाटायचा हाय?”

“हे पुस्तकात न्हाई लिवलेलं.”

“मग तू लिव की.”

विमलने खरंच लिहिलं. एकशे चाळीस पानं, निळ्या शाईने. वर लाल नाडी बांधली. तिचे यजमान तात्याराव बीदरच्या कचेरीत कारकून. ते म्हणाले, “आण, टाईप करून आणतो.”

कचेरीतली थट्टा ते घरी येऊन सांगत. “बाबूलाल म्हणतोय, बायको बोटीत बसून जायलीय, तुम्ही भाकऱ्या थापायला शिका.”

“शिका की मग,” विमल हसत म्हणाली. ते हसले नाहीत.

तिसऱ्या दिवशी तो गठ्ठा तसाच परत आला. मी खुंटीवरून पाहिलं. तात्यारावांनी तो कोपऱ्यातल्या रद्दीत, वर्तमानपत्रांच्या खाली सरकवला. विमल रोज विचारायची. ते रोज म्हणायचे, “टायपिंगला दिलंय न्हवं? घाई कामून करायलीस?”

मला तोंड असतं तर!

त्याच दिवसांत माझ्या फटींतून डाळ गळू लागली. आमच्याकडे झिजलेल्या सुपाला मेथ्या वाटून कागदाच्या लगद्याने लिंपतात. विमल गौतमीला लस टोचायला बीदरला गेली होती. चांगुणाबाईंनी रद्दी घंगाळात भिजवली, कुटली आणि मला आतून-बाहेरून लिंपून उन्हात ठेवलं.

विमल परतली तेव्हा त्या कौतुकाने म्हणाल्या, “बघ, नवं केलं सूप! कोरे कागद तुला काढून ठेवले हं. लिवलेलेच भिजवले. त्यांचं काम झालंच होतं न्हवं?”

घंगाळाच्या काठाला लाल नाडी चिकटली होती. विमलने ती सोडवून हातात घेतली. तेवढ्यात तात्याराव आले.

“टायपिंगला दिलं होतं न्हवं?” तिने विचारलं.

ते चपला काढत राहिले. “आईनं भिजवलं, त्याला मी काय करू? अडाणी बाई हाय.”

चांगुणाबाई घंगाळात वाकून उरलेला लगदा चाचपू लागल्या.

प्रबंध पोचवायला चार दिवस उरले होते. विमलने मुदत मागितली. उत्तर आलं, पुन्हा पहिल्या वर्षापासून नाव घाला. तिने ते पत्र घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवलं आणि चूल पेटवली.

शेजारच्या सोजराबाई मला बघून म्हणाल्या, “काय गुळगुळीत झालंय सूप!” मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. ती अजून टोचते. तीन वर्षांत माझ्यातून एक दाणा गळलेला नाही. आणि चांगुणाबाई तेव्हापासून किराण्याच्या पुडीचा कागदही टाकत नाहीत. उजेडात धरतात आणि सुनेला विचारतात, “विमल, हे कामाचं हाय का गं?”

मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. बांबू पुष्कळ उगवतो. पण घरात कुणी लिहीत बसलं असेल, तर त्या कागदाला हात लावण्याआधी विचारा. आणि कुणी विश्वासाने तुमच्या हाती दिला असेल, तर पोचवा. नाही पोचवायचा, तर तसं तोंडावर सांगा.

आज माझ्या लेपाचा एक पापुद्रा सुटला. आतला एक तुकडा नीट कुटलाच गेला नव्हता. गौतमी मला घेऊन आईकडे धावली.

“आई, सुपात अक्षरं हायत! निळी! कुणी लिवली?”

“मी.”

दारात बसलेल्या चांगुणाबाईंचा हात डाळीतच थांबला. आत तात्यारावांचं वर्तमानपत्र वाजायचं बंद झालं. गौतमीने मला आईच्या मांडीवर ठेवलं.

“मग सुपाला कामून लावलीस, आई?”