सातवा लेमा

सुनेत्रा गणिताची एम.एस्सी. होती म्हणूनच पेरुंगुडीच्या त्या टाइपसेटिंग कंपनीने तिला कामावर घेतलं, आणि घेतल्या दिवसापासून गणित विसर असंच सांगितलं. परदेशी नियतकालिकांचे शोधनिबंध यायचे. तिने स्वल्पविराम बघायचे, संदर्भांचे क्रमांक जुळवायचे. लेखकाला काही विचारायचं तर समासात क्वेरी टाकायची, तीही भाषेबद्दल, आकृत्यांबद्दल किंवा नावांबद्दल. अकरा वर्षं तिने हे मुकाट्याने केलं.

जूनमध्ये बेल्जियमच्या एका प्राध्यापकाचा एक्केचाळीस पानी निबंध आला. विषय स्थिर बानाख अवकाशांचा. अशा अवकाशात दोन क्रमिका घ्या, त्यांच्या बेरजेची लांबी मोजा, आणि आधी पहिली अनंताकडे न्या की दुसरी, शेवटी आकडा, म्हणजे सीमा, तोच येतो. म्हणूनच तिथे अ हा ब पासून स्वतंत्र असेल, तर ब सुद्धा अ पासून स्वतंत्र असतो. सुनेत्राने एम.एस्सी.च्या प्रकल्पात हेच घोटलं होतं. सातव्या लेमापाशी, म्हणजे मुख्य प्रमेयाकडे नेणाऱ्या सातव्या छोट्या प्रमेयापाशी, ती अडली. लेखक मूळ अवकाश सोडून त्याच्यापासून बांधलेल्या एका मोठ्या अवकाशात शिरला होता आणि तिथेही त्याने सीमांची अदलाबदल बेधडक केली होती. मोठा अवकाश स्थिर असेलच कशावरून? तिने एक उदाहरण बेतलं. मूळ अवकाश स्थिर, पण मोठ्यात एका क्रमाने सीमा एक येत होती, दुसऱ्या क्रमाने दोन. जेवणाच्या सुट्टीत तिने ते तीनदा तपासलं आणि क्वेरी लिहिली.

टीमची प्रमुख जननी हिने ती काढून टाकली. दोन तज्ज्ञांनी वाचून पास केलेला निबंध, त्यात आपण नाक खुपसायचं नाही, असं तिचं म्हणणं. जननी वाईट नव्हती, तिला वेळापत्रकाची धास्ती होती. पण सुनेत्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिरकं अक्षर सरळ करायचा अधिकार आहे आणि धडधडीत चूक दाखवायचा नाही? प्रूफ पाठवताना तिने ती क्वेरी परत घातली.

प्राध्यापकांनी छपाई थांबवली. महिन्याभराने सुधारलेला निबंध आला. प्रमेयाला एक नवी अट जोडली होती, त्यामुळे ते थोडं आखडलं होतं, पण आता खरं होतं. सुनेत्रा शेवटच्या पानावर पोचली. तिथे आभार होते: सातव्या लेमातली चूक शोधून देणाऱ्या स्वयंचलित तपासणी प्रणालीचे. त्या वाक्यात एक स्वल्पविराम चुकला होता. तो तिनेच दुरुस्त केला.

मग ती मॅनेजर कार्तिकेयच्या केबिनमध्ये गेली. त्याने शांतपणे सांगितलं की चूक कुणी पकडली असं प्रकाशकाने विचारलं होतं, आणि आपली नवी प्रणाली त्यांना विकायची तर तिचंच नाव सांगणं सोयीचं होतं. कंपनीत होतं ते कंपनीचं, माणसांची नावं ग्राहकाला कळवत नाहीत.

"माणसाचं कळवत नाही, मग यंत्राचं कसं कळवलंत?" तिने विचारलं. त्याने फोन उचलला.

वेस्ट मांबलमला घरी येऊन तिने वडिलांना, विद्याधररावांना, सगळं सांगितलं. रेल्वेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस; नोकरी सांभाळ म्हणेल असं तिला वाटलं. 

"चूक कुणाला सापडली, हे खोटं छापतायत," ते म्हणाले. "गणितात हे चालतं का गं?"

"नाही, आप्पा."

"मग तू का चालवून घेतेस?"

दुसऱ्या दिवशी तिने आभारांच्या वाक्याशेजारी क्वेरी टाकली: कृपया नावाची खातरजमा करावी; सदर चूक प्रणालीने नव्हे, व्ही. सुनेत्रा यांनी दाखवली आहे. जननीने ती वाचली आणि खुर्ची मागे ढकलली.

"नावाची क्वेरी नियमात बसते," ती तमिळमध्ये म्हणाली, आणि पुढे पाठवली.

प्राध्यापकांनी आभारांत तिचं नाव घातलं, वर तिला स्वतंत्र पत्र लिहून ती नवी अट आणखी सैल करता येईल का असं विचारलं. इकडे कार्तिकेयने तिला कागद दिला. गोपनीयतेचा भंग केला हे मान्य, असं लिहून खाली सहीची जागा. सुनेत्राने 'मान्य' खोडलं, वर 'अमान्य' लिहिलं आणि सही ठोकली. पुढच्या सोमवारी तिची बदली दातांच्या नियतकालिकांकडे झाली. गणिताचे निबंध आता जननीच्या टेबलावर नुसते साचतात. त्यातलं काही अडलं की ती उठून सुनेत्राकडे येते, आणि सुनेत्रा अजून धुमसत असते, पण सांगते.