शेजारच्या डोंगरावरची मेंढी

हृषिकेशने पहिला घास तोंडात घातला आणि सुखाने डोळे मिटले. चारुलताला शिसारी आली. घासाची नाही, नवऱ्याची.

श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातलं ते स्कॉटिश रेस्टॉरंट म्हणजे जेमतेम आठ टेबलं, ठेंगणं छत आणि उन्हाळा म्हणून न पेटवलेली शेकोटी. मालक स्कॉटलंडचा, पण मेंढ्या शेजारच्या डोंगरावरच्या, बटाटे दोन गावं पलीकडचे. सगळं इथलंच, असं मेनूवर मोठ्या कौतुकाने छापलेलं. हृषिकेशच्या बॉसने, फ्राऊ लिंडनरने, तिघांना मुद्दाम इथे बोलावलं होतं, कारण चारुलताची आई, मनोरमाबाई, गुरुवारी भारतात परतणार होत्या.

खरं तर त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. पाच आठवड्यांतच तिकीट अलीकडे घ्यायला लावलं. कारण काय, तर थंडीने गुडघे धरतात. ऐन ऑगस्टात!

खरं कारण गेल्या रविवारचं. मनोरमाबाईंनी तुर्की खाटकाकडून वजडी आणवली, दोन तास गरम पाण्यात घासून घासून साफ केली, खोबऱ्याच्या वाटणात शिजवली. हृषिकेश बाहेरून आला, झाकण उचललं आणि नाक दाबून ओरडला, "शी! बकऱ्याचं पोट? हे असलं माझ्या घरात?" आणि पातेल्यासकट सगळं खाली कचऱ्यात टाकून आला. मनोरमाबाई हातात डाव घेऊन उभ्याच राहिल्या. आणि चारुलताने काय केलं? खिडक्या उघडल्या! ते आठवलं की तिला स्वतःचीही किळस यायची.

तेव्हापासून आई फ्रिज उघडण्याआधी विचारायची. स्वतःच्या लेकीच्या घरात! हृषिकेशने एकदा, फक्त एकदा, "आई, चुकलं माझं" म्हटलं असतं तर ती राहिली असती. चारुलताने आठवडाभर त्याच्या विनवण्या केल्या. तो म्हणायचा, "मी त्यांना काही बोललोच नाहीये."

आणि आता हा बॉससमोर मिटक्या मारत होता.

"मेंढीचं काळीज, फुफ्फुस, ओट्स," फ्राऊ लिंडनर जर्मनमध्ये हौसेने सांगत होती, "आणि हे सगळं तिच्याच पोटाच्या पिशवीत भरून शिजवायचं."

"वुंडरबार!" हृषिकेश म्हणाला. त्याच्या हनुवटीवर चरबीचा ओघळ आला होता.

मनोरमाबाईंनी ताटलीकडे निरखून पाहिलं. "चारू, हे काय गं?"

"वजडीच की," चारुलता म्हणाली.

"नाही हो आई, हे हॅगिस. वेगळं असतं. एकदम क्लीन, रेगिओनाल, म्हणजे इथलंच," हृषिकेश म्हणाला.

चारुलताचं डोकं सणकलं. ती फ्राऊ लिंडनरकडे वळली आणि जर्मनमध्ये स्पष्ट म्हणाली, "माझी आईही असंच करते. गेल्याच रविवारी केलं होतं."

हृषिकेशचा काटा हवेतच थांबला. चारुलता त्याच्याकडे बघत राहिली. बोल. आता तरी बोल.

"काय सांगतेस!" फ्राऊ लिंडनरने टाळीच वाजवली. "माझी आजी करायची हे आतड्यापोटाचे प्रकार. आता कुणी करतच नाही. हृषी, तू कधी बोलला नाहीस!"

हृषिकेश क्षणभर लाल झाला. मग त्याचा चेहरा असा काही खुलला की बघवेना.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" तो म्हणाला. "सासूबाईंची खासियत आहे. पुढच्या शनिवारी आमच्याकडेच या ना!" मग मनोरमाबाईंकडे वळून मराठीत, लोण्यासारख्या आवाजात, "आई, तुमच्या हातची वजडी खायला बॉस येतायत. कराल ना? तुमच्यासारखी कुणाला जमणार?"

मनोरमाबाई हसल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा. किती थोडक्यात विरघळली ही बाई! माफी नाही, काही नाही, वर बॉससाठी राबायचं, आणि तिचे डोळे मात्र आनंदाने भरून आले होते.

"करीन की, जावईबापू. त्यात काय! ताजं वाटण घालीन." मग लेकीकडे वळून, जरा लाजतच, "चारू, तिकीट पुढं ढकलता येतं का गं?"

हाच प्रश्न ऐकायला चारुलताने आठवडाभर जिवाचं रान केलं होतं.

"नाही आई," ती म्हणाली. "तू गुरुवारीच जा."