गावाची हरकत

आमच्या गावाला पाहुण्यासमोर तारीफ करायची भारी हौस. सोयरा असो नाहीतर साहेब, एकदा बोलायला लागले की माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवूनच थांबतात. त्या दिवशी मला चढवलं.

तामलवाडीच्या पलीकडं आमचं गाव. तिथल्या उपकेंद्रात मी सिस्टर. ड्यूटी सांभाळून जर्मन शिकले, परीक्षा पास झाले, तिकडच्या एका दवाखान्यानं नोकरीही दिली. अडलं होतं एकाच गोष्टीवर. गरीब जिल्ह्यातल्या नर्सा पळवल्या असा बोभाटा झाला तर दोन सरकारांत वाकडं येईल, ही दूतावासाला धास्ती. म्हणून तिथल्या एक बाई दुभाष्याला घेऊन गावातच आल्या. गावानं हरकत घेतली तर व्हिसा मिळणार नाही, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. मीही आदल्या दिवशी जेवताना अप्पांना समजावलं, "तुम्ही फकस्त 'जाऊ द्या' म्हणा." माझे वडील म्हणाले, "व्हय गं, तेवढं कळतंय मला."

मठासमोर सतरंज्या अंथरल्या. बाईंना शाल-नारळ झाला. मग सरपंच दगडोबा उठले.

"आमची शिवप्रिया म्हंजी गावाची माय हाय! तिच्याबिगर इथं पान हालत न्हाय. ती गेली तर गाव मेलंच म्हणा!"

टाळ्या पडल्या. दगडोबांना वाटलं, आपण पोरीचं वजन वाढवतोय. दुभाष्या शब्दन् शब्द सांगत होता आणि बाईंचा चेहरा उतरत चालला होता. मी कपाळाला हात लावला. पण गावाचं हे खूळ मी लहानपणापासून बघतेय, त्याचा राग तरी किती धरायचा?

बाईंनी विचारलं, "म्हणजे तुमची हरकत आहे असं समजू का? हिच्या वडिलांनी सांगावं."

माझा जीव भांड्यात पडला. अप्पांना सगळं ठाऊक होतं.

अप्पा उठले, टोपी सारखी केली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "हरकत हाय."

बाईंनी माझ्यापुढं हात जोडले आणि गाडीत बसल्या. परक्यांचं मला काही वाटलं नाही. सख्ख्या बापानं केसानं गळा कापला होता.

घरी आल्यावर अप्पा खाटेवर टेकले. "तुझ्या आईचं गुडघं गेलं, मला लई दम लागतो. तू गेल्यावर आमाला कोण बघणार?"

"हे मला का न्हाय सांगितलं, अप्पा? एकदा 'राहा' म्हणाला असतात तर मी राहिले असते."

"न्हाय राहिली असतीस."

राहिले असते का, ते आता मलाही कधी कळायचं नाही. तेवढंसुद्धा त्यांनी माझ्या हातात ठेवलं नाही.