पिकलूचं वाक्य

सकाळी नऊच्या सुमारास कुठल्याशा गच्चीवरून "भोकाट्टा!" अशी पतंग कापल्याची आरोळी उठली, एक लाल पतंग गिरक्या घेत खाली आला आणि नेमका परितोष नंदीच्या व्हरांड्यातल्या जाळीवर येऊन अडकला. विश्वकर्मा पूजेचा, अवजारांना हार घालायचा आणि पतंग उडवायचा दिवस. हावड्यात आज पतंग कुणाच्या डोक्यावर पडेल, सांगता येत नाही. पण त्याचा मांजा जाळीतून आत लोंबायला लागला आणि आतले अठरा बद्री, म्हणजे ते मुठीत मावणारे रंगीबेरंगी पोपट, घाबरून इकडून तिकडे आपटायला लागले.

परितोषने सारी हयात लेथ मशीनवर काढलेली. मशीनमध्ये काही अडकलं की आधी मशीन बंद करायचं, मग हात घालायचा, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. पण जाळीला कुठे बटण असतं! घाईघाईत त्याने दार उघडलं, मांज्याला हात घातला, बोट चरकन कापलं, तो "आई गं" म्हणाला, आणि तेवढ्यात पिकलू त्याच्या कानाजवळून भुर्रकन निघून गेला.

निघून गेला तो कुठे? आभाळात गेला असता तरी चाललं असतं. तो गेला भिंतीपलीकडे.

भिंत व्हरांड्याच्या मधोमध होती. अलीकडे परितोष आणि त्याची बायको रेबा, पलीकडे थोरला भाऊ भवतोष आणि बौदी, म्हणजे वहिनी. भिंत बांधून नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षांत परितोष दादाशी एक अक्षर बोलला नव्हता. कारण जमीनजुमला नव्हे. आई गेली त्या दिवशी परितोष कामासाठी दुर्गापूरला होता. निरोप मिळताच निघाला, गाडी बर्दवानला अडकली, घरी पोहोचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि आईची राख गंगेत गेली होती. दादाने त्याच्यासाठी थांबायला नको होतं? शेवटचं तोंडही बघू दिलं नाही! परितोष त्या दिवशी जो गप्प झाला तो झालाच.

"अहो, बघत काय उभे राहिलात?" रेबा आतून ओला हात पुसत आली. "कोण गेला?"

"पिकलू."

रेबाने कपाळावर हात मारून घेतला. दुसरा कुठलाही पक्षी गेला असता तर ती "जाऊ दे मेला" म्हणाली असती. पण पिकलूची मादी पाचच दिवसांपूर्वी गेली होती. मडक्यावरून शेजारणीशी भांडली आणि मानेला चोच बसून मेली. बद्रीच्या माद्या दिसायला गरीब, पण घरट्याचं मडकं म्हटलं की सख्ख्या बहिणीचा जीव घेतील. मागे राहिली तीन पिल्लं, अजून पिसंही धड न फुटलेली. पिकलू एकटा बाप त्या तिघांना दर तासा-दीड तासाला भरवत होता. दाणे खायचे, मडक्यात शिरायचं, ओकून ओकून पिल्लांच्या चोचीत घालायचं, पुन्हा दाण्यावर यायचं. परितोषने असा बाप माणसांतही पाहिला नव्हता.

अकरा वाजले. परितोषने मडक्यात बोट घालून चाचपलं. सकाळी पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी दाण्यांनी टम्म असायची. आता बोटाला नुसती कातडी लागत होती. त्याने एक पिल्लू शेजारच्या मडक्यात ठेवून पाहिलं. तिथल्या मादीने असं काही टोचलं की घाईने परत काढावं लागलं.

"भरड करून पाजूया," तो म्हणाला. "पाणी कोमट कर."

रेबा त्याच्याकडे बघतच राहिली. "आज? आज चूल पेटवू?"

तो विसरलाच होता. आज अरंधन. काल रात्रीच सगळं रांधून ठेवायचं, आज दिवसभर चूल थंड. चुलीवर शापलाची, म्हणजे पाणकमळाची, फुलं वाहिलेली, मनसादेवीला हात जोडलेले, आणि घरातल्यांनी शिळा पाणभात, अळूची भाजी आणि कालचा इलिश मासा खायचा. सासूने घालून दिलेला नेम. सासू गेली तरी रेबाने एक वर्ष चुकवला नव्हता, आणि भिंतीपलीकडे बौदीनेही नव्हता. भाऊ वेगळे झाले, पण दोन्ही चुली आजच्या दिवशी एकदमच थंड पडायच्या.

"आईचा नेम आहे," रेबा म्हणाली. "तुम्ही सांगा मोडायला. मी मोडते. पण तोंडाने सांगा."

ते काही परितोषच्या तोंडून निघेना. तो चहाच्या टपरीवर पळाला. टपरीवाल्याने गाड्याला हार घालून कुलूप लावलं होतं. मग पितळी वाटीत पाणी घालून उन्हात ठेवलं, राळ्याचं पीठ कालवलं, ड्रॉपर घेतला. सगळ्यात धाकट्या पिल्लाला पहिलाच थेंब ठसकला. पाणी नाकातून आलं, मान लुळी पडली, आणि परितोषचा धीर सुटला. पिल्लू कसंबसं सावरलं, पण ड्रॉपर त्याने पुन्हा उचलला नाही.

"पिकलूच लागणार," तो म्हणाला.

रेबा भिंतीशी गेली. दोघी जावांचं भिंतीवरून बोलणं चालायचं, नवऱ्यांच्या मागे. "बौदी! आमचा पिवळा बद्री तिकडे आलाय का हो?"

"आलाय ना! पाणभातावरच येऊन बसला मेला. जाळीच्या झाकणाखाली कोंडून ठेवलाय." बौदीचा आवाज एकदम खाली आला. "पण रेबा, यांनी ऐकलंय. हे म्हणतात, ज्याचा पक्षी असेल त्याने स्वतः येऊन मागावा. बायकोला पुढे करू नये."

परितोषला ते शब्द स्पष्ट ऐकू आले, आणि पलीकडचा तो ओळखीचा खोकलाही.

"जा ना," रेबा म्हणाली. "दार काही गिळत नाही."

"आणि तो तिथे बोलला तर?"

रेबाने भिंतीवरचा हात मागे घेतला. कारण पिकलूला बोलता येत होतं, आणि येत होतं ते एकच वाक्य. पहिलं वर्षभर तो एकटा छोट्या पिंजऱ्यात, भिंतीला टेकून वाढला होता. परितोष रोज सकाळी बिस्किटाच्या डब्यातून राळा घालायला जायचा, तेव्हाच पलीकडून दादा खोकायचा, आणि परितोषच्या तोंडून आपसूक काहीतरी पुटपुटलं जायचं. काय, ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. मग एक दिवस डबा वाजला आणि पिंजऱ्यातून हुबेहूब परितोषच्या आवाजात आलं: "दादा, थांबला नाहीस?" रेबा तेव्हा पदरात तोंड खुपसून इतकी हसली होती, आणि मग इतकी रडली होती, की तिलाच कळेना कुठलं आधी झालं. पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून त्याच दिवशी परितोषने त्याला मोठ्या जाळीत, बाकीच्यांच्या कलकलाटात सोडून दिलं.

नऊ वर्षं ताठ मानेने वावरलेला माणूस रोज सकाळी भिंतीआड कण्हतो, हे दादाला कळावं? त्यापेक्षा परितोषला मरण बरं वाटत होतं. पण मरायला तो एकटा नव्हता. मडक्यातून येणारी किचकिच सकाळी केवढी होती. आता कान लावावा लागत होता.

एक वाजायला आला तेव्हा त्याने काखेत बिस्किटाचा डबा मारला, गल्लीतून वळसा घेतला आणि दादाच्या दारात जाऊन उभा राहिला.

दादा पाटावर बसला होता. केवढा वाळला होता! समोर गोबिंदो सामंत पाणभात ओरपत होता. गोबिंदो म्हणजे पाड्यातला पक्ष्यांचा वैद्य, पंच आणि बढाईखोर, सगळं एकाच लुंगीत. पलीकडे ताटावरच्या जाळीच्या झाकणाखाली पिकलू, गोळा होऊन बसलेला.

परितोष भिंतीकडे बघत म्हणाला, "बौदी, माझा पक्षी आहे तो."

दादाही बायकोलाच म्हणाला, "विचार, कशावरून."

"कशावरून म्हणजे! पिवळा आहे, डोळे लाल आहेत, नर आहे, पिकलू नाव आहे."

"नर?" गोबिंदोने बोटं चाटत झाकणाशी वाकून पाहिलं आणि खो खो हसला. "परितोषदा, पंचवीस वर्षं बद्री पाळून तुम्हाला नाक बघता येत नाही? नराचं नाक निळं. हे बघा, गुलाबी. ही मादी आहे, मादी! तुमचा नर गेला उडत श्यामबाजारला."

"लाल डोळ्याच्या पिवळ्यात निळं येतच नाही, गोबिंदो! नर असला तरी गुलाबीच राहतं."

"हे नवीनच ऐकतोय बुवा."

"तू ऐकलं नाहीस म्हणजे जगात नसतं का?"

"झालं तर," दादा शांतपणे म्हणाला. "त्याचा नर हरवलाय, आमच्याकडे मादी आलीय. गोबिंदो सांगतोय ते सगळा पाडा मानतो."

परितोषला वाटलं, झाकण उचलावं आणि पळ काढावा. पण ते नंदींच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. "बौदी," त्याचा आवाज चिरकला, "त्याची तीन पिल्लं सकाळपासून उपाशी आहेत. चार तास झाले. धाकटं तर मान टाकतंय."

बौदीचा हात झाकणाकडे गेला. दादाने नुसतं पाहिलं, तशी ती थबकली. पण त्याचाही चेहरा आता पहिल्यासारखा राहिला नव्हता.

गोबिंदो मात्र रंगात आला होता. "अहो, सोपं आहे. मादी कधी बोलत नाही. तुमचा नर बोलतो, असं रेबाबौदी सगळीकडे सांगत फिरतात. बोलू द्या की! बोलला तर तुमचा."

घ्या! ज्याला जीव घाबरत होता तेच पानात वाढलं.

परितोषने डबा वाजवला. खुळखुळ, खुळखुळ. पिकलूने मान तिरकी केली आणि गप्प बसला. पुन्हा वाजवला. बाहेर आभाळभर "भोकाट्टा! भोकाट्टा!" चाललेलं. पक्षी भेदरलेला होता, नवं घर, नवी माणसं. तो कसला बोलतोय.

"मी म्हटलं नव्हतं?" गोबिंदो म्हणाला.

पिकलूला बोलतं करायचा एकच उपाय होता, आणि तो परितोषला पुरता ठाऊक होता. डब्यानंतर जे त्याने रोज ऐकलं होतं ते त्याच आवाजात ऐकवायचं. डोळ्यांपुढे ती लुळी मान आली. तो झाकणापाशी उकिडवा बसला, सगळ्यांकडे पाठ केली, डबा वाजवला आणि पुटपुटला:

"दादा, थांबला नाहीस?"

पिकलू काही बोलला नाही.

परितोषने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. "दादा, थांबला नाहीस?"

"थांबलो होतो रे."

आवाज मागून आला. परितोष वळला नाही. त्याला वळताच येईना.

"तू कधी विचारलंस?" दादा म्हणत होता. "एकदा तरी? नऊ वर्षं तोंड वळवून बसलास. दुपारी दोनला आईला उचललं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि म्हटलं, खाली ठेवा, परी येतोय. उचललेलं प्रेत खाली ठेवू नये, म्हाताऱ्यांनी शिव्या घातल्या. पाचला पुन्हा उचललं, चौकात पुन्हा ठेवायला लावलं. भाद्रपदातलं ऊन. आईचा देह... काय सांगू तुला. शेवटी माझ्या हातून तिची विटंबना व्हायला लागली, तेव्हा निघालो."

"खरं आहे," गोबिंदो हळूच म्हणाला. त्याचा सगळा रंग उतरला होता. "मी खांद्याला होतो. दोन्ही वेळा."

"मला कुणी सांगितलं नाही," परितोष म्हणाला.

"कुणाला बोलू दिलंस तू?" दादा खोकला. तोच खोकला, रोज सकाळचा.

आणि त्या खोकल्यासरशी, रोजच्या ठरल्या वेळी म्हणावं तसं, झाकणाखालून स्वच्छ आवाज आला: "दादा, थांबला नाहीस?"

बौदीने तोंडाला पदर लावला. गोबिंदोने पक्ष्याच्या गुलाबी नाकाकडे पाहिलं, मग स्वतःच्या ताटाकडे, आणि खाली मान घालून पाणभात कालवायला लागला.

"अरे, पिल्लं उपाशी म्हणालास ना?" दादा धडपडत उठला. "मग रडतोस काय बसून? गमछा दे गं तो!"

दादानेच पिकलूला गमछ्यात गुंडाळलं. गल्लीतून वळसा घेत दोघं निघाले, पुढे परितोष, मागे छातीशी गमछा धरलेला दादा, वरून पतंग पडताहेत याचं कुणाला भान नाही. रेबाने दारात दादाला पाहिलं आणि डोक्यावर पदर ओढायचंही विसरली.

पिकलू जाळीत शिरला, दाण्यांवर तुटून पडला आणि सरळ मडक्यात घुसला. दोघे भाऊ मडक्याला कान लावून वाकले, डोक्याला डोकं टेकलेलं. आतून एक किचकिच आली. मग दुसरी. तिसरी काही येईना. परितोषने श्वास धरला, दादाने त्याचं मनगट धरलं, आणि किती वेळ गेला कोण जाणे, मग एकदाची ती तिसरीही आली, केसाएवढी बारीक.

पिकलूने मडक्याच्या तोंडातून डोकं बाहेर काढलं. परितोषचा हात डब्याला लागला असावा, डबा वाजला.

"दादा, थांबला नाहीस?"

"थांबलो होतो, म्हटलं ना!" दादा पिकलूवर खेकसला आणि गमछ्याने डोळे पुसायला लागला.